हिप्पोचा बिशप दिवसभर करायचा काय? (ऑगस्टीन, इ.स. 395 ते 430)

ताम्रपट:

ऑगस्टीनचं नाव निघालं की चर्चा दोन पुस्तकांपाशी येऊन थांबते, 'कन्फेशन्स' आणि 'सिटी ऑफ गॉड'. आदिपाप, कृपा, काळ म्हणजे काय, यावर मराठीतही थोडंफार वाचायला मिळतं. पण हा माणूस पस्तीस वर्षं एका बंदराच्या गावात बिशप होता. सकाळी दारात उभी राहणारी माणसं, भाऊबंदकीचे दावे, कर्जबुडवे, चर्चच्या जमिनींचा हिशेब, उत्तरं द्यायची राहिलेली पत्रं या सगळ्यात त्याचा दिवस जायचा. पुस्तकं रात्री व्हायची. हा धागा त्या दिवसाच्या कामाबद्दल आहे.

चौकट आधी मांडतो. जन्म 13 नोव्हेंबर 354, थागास्ते (आजचं सूक अहरास, अल्जीरिया). बाप्तिस्मा 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये, बिशप अँब्रोझच्या हातून. 391 मध्ये हिप्पो रेगियसला (आजचं अन्नाबा) धर्मगुरू, 395-96 मध्ये बिशप, मृत्यू 28 ऑगस्ट 430. मुलकी कारभारात हिप्पो आफ्रिका प्रांतात यायचं, चर्चच्या कारभारात न्यूमिडियात. हे लक्षात ठेवा, नाहीतर कोणता अधिकारी कोणाच्या हाताखाली याचा पुढे गोंधळ होतो.

आपल्याकडच्या ख्रिस्ती मराठीत 'महागुरू' हा चांगला शब्द आहे, पण सगळ्यांना चटकन कळावं म्हणून इथे 'बिशप'च वापरू.

पहिला मुद्दा न्यायनिवाड्याचा, कारण सर्वात जास्त वेळ त्यात जायचा. काल्माचा बिशप पॉसिडियस हा त्याचा चरित्रकार आणि जवळचा सोबती. तो लिहितो की निवाडे कधी जेवणाच्या वेळेपर्यंत चालत, कधी दिवसभर उपाशीपोटी. कायद्याची बाजू जाणकारांनी सांगावी.

कायदेकानू:

सांगतो. याला म्हणत 'एपिस्कोपालिस ऑडिएन्तिया', बिशपपुढची सुनावणी. तीन टप्पे ध्यानात घ्या.

सम्राट कॉन्स्टंटाइनने 318 च्या सुमारास दिवाणी दावे बिशपपुढे न्यायला परवानगी दिली. 333 च्या त्याच्या आदेशात तर दोघांपैकी एकाच पक्षाने मागणी केली तरी दावा बिशपकडे जाईल आणि निकाल अंतिम राहील, इतकी ढील होती. पुढे ती आवळली. 398 मध्ये पूर्वेकडे सम्राट आर्केडियसने आणि 408 मध्ये पश्चिमेकडे सम्राट होनोरियसने ठरवलं की दोन्ही पक्ष राजी असतील तरच. म्हणजे ऑगस्टीनच्या उत्तरार्धात हे काम लवादाचं झालं. निकाल मात्र पक्का. त्यावर अपील नाही, आणि अंमलबजावणी सरकारी शिपायांकडून.

लोक तिकडे का जात? सरकारी न्यायालयात वकील, कारकून, दूतांची फी, तारखांवर तारखा. बिशपकडे फी नाही आणि निकाल लवकर. दावे जमिनीचे, वारशाचे, पालकत्वाचे, कर्जाचे. फक्त ख्रिस्तीच येत असंही नाही, इतर धर्मपंथांचे लोकही येत.

आता अडचण कुठे यायची. हरलेला माणूस रविवारी त्याच चर्चमध्ये समोर उभा. ऑगस्टीनला एक जुनं वचन आवडायचं: मित्रांपेक्षा अनोळखी माणसांचा निवाडा करणं बरं. अनोळखी दोघांपैकी जिंकणारा एक तरी मित्र होतो, मित्र दोघांपैकी हरणारा एक हातचा जातो.

शिक्षेचंही सांगायला हवं. बिशपच्या न्यायालयात छडीने मारण्याची शिक्षा चालायची. शिक्षक आणि आईबाप वापरतात तशीच बिशपही वापरतात, असं ऑगस्टीन स्वतः मार्सेलिनस या सरकारी अधिकाऱ्याला लिहितो, आणि हे पत्र कठोर शिक्षा देऊ नका अशी विनवणी करणारं आहे! त्याच्या सौम्यपणाची मर्यादा तिथपर्यंत होती.

समुद्रवाट:

कर्जाच्या प्रकरणाचं एक नेमकं उदाहरण पत्र क्रमांक 268 मध्ये आहे. फास्कियस नावाच्या माणसावर 17 सॉलिडस (सोन्याची नाणी) कर्ज. वसुलीवाले मागे लागले तेव्हा तो चर्चमध्ये आश्रयाला शिरला. वसुलीवाल्यांनाही जायची घाई, त्यांनी ऑगस्टीनला धरलं. लोकांकडून वर्गणी काढू का, असं त्याने फास्कियसला विचारलं. तो लाजेने नको म्हणाला. मग ऑगस्टीनने मॅसिडोनियस नावाच्या माणसाकडून 17 सॉलिडस उसने घेऊन कर्ज फेडलं. फास्कियसने ठरल्या दिवशी परत करण्याचा शब्द दिला आणि तो दिवस उलटला तरी आलाच नाही. शेवटी बाहेरगावी असलेल्या ऑगस्टीनने हिप्पोच्या लोकांना पत्र लिहून वर्गणीची विनंती केली, आणि धर्मगुरूंना कळवलं की कमी पडेल ते चर्चच्या पैशातून भरा.

यात आश्रयाच्या कायद्याची सगळी यंत्रणा दिसते. माणूस चर्चमध्ये सुरक्षित असतो, पण कर्ज मिटत नाही. 419 च्या कायद्याने ही हद्द चर्चच्या दारापासून पन्नास पावलांपर्यंत वाढवली, म्हणजे आश्रय घेतलेल्याला निदान उजेडात येऊन श्वास घेता येईल. बिशपला मधल्या मध्ये जामीनदार व्हावं लागे.

अक्षरधूळ:

संत ऑगस्टीन यांच्याकडे हे पद कसं आलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांनी ते मागितलं नव्हतं. ज्या गावात बिशपची जागा रिकामी आहे अशा गावी ते जायचंच टाळत, कारण लोक धरून गादीवर बसवतील ही भीती. हिप्पोला बिशप होता, म्हणून 391 मध्ये ते तिथे निर्धास्त गेले. वृद्ध बिशप वॅलेरियस मूळचा ग्रीक भाषक, लॅटिनमध्ये प्रवचन द्यायला त्याला जड जायचं. मला एक धर्मगुरू हवा, असं त्याने लोकांपुढे म्हटलं आणि लोकांनी ऑगस्टीन यांना धरून पुढे ओढलं. ते रडले. काहींना वाटलं, थेट बिशपपद मिळालं नाही म्हणून रडतात! दीक्षा झाल्यावर त्यांनी वॅलेरियसला लेखी अर्ज केला की ईस्टरपर्यंत धर्मग्रंथाच्या अभ्यासाला मुदत द्या.

वॅलेरियसने दोन रूढी मोडल्या. आफ्रिकेत बिशप हजर असताना धर्मगुरूने प्रवचन द्यायचं नाही असा रिवाज होता, तो त्याने मोडला. आणि स्वतः जिवंत असतानाच ऑगस्टीन यांना सहबिशप केलं, जे 325 च्या नायसिया परिषदेच्या आठव्या नियमाविरुद्ध (एका गावात दोन बिशप नकोत) होतं. हा नियम तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हता, असं ऑगस्टीन यांनी पुढे सभेत उघड सांगितलं.

ताम्रपट:

अक्षरधूळ, तुम्ही म्हणता ती सभा म्हणजे 26 सप्टेंबर 426 ची, शांती बॅसिलिकेतली. तिचा लघुलिपीत घेतलेला इतिवृत्तान्त पत्र 213 म्हणून शिल्लक आहे आणि तो शब्दशः वाचण्यासारखा आहे. वय झालं, माझ्यामागे हेराक्लियस बिशप व्हावा, असं ऑगस्टीनने लोकांना सांगितलं. लोकांनी घोषणा दिल्या आणि लेखनिकांनी त्या मोजल्या. 'देवाला धन्यवाद, ख्रिस्ताची स्तुती' 23 वेळा. 'ख्रिस्ता ऐक, ऑगस्टीनला आयुष्य दे' 16 वेळा. 'तूच बाप, तूच बिशप' 8 वेळा. एवढं मोजायचं कारण कायदेशीर आहे. रोमन नगरसभांमध्ये घोषणा म्हणजे संमती, आणि संमती कागदावर हवी. लेखनिक काम करत आहेत, तुमचा एकही शब्द वाया जात नाही, असं तो लोकांना मुद्दाम सांगतो. शेवटी सह्या घेतल्या.

पण नायसियाचा नियम पुन्हा मोडायचा नाही म्हणून हेराक्लियसला त्याने धर्मगुरूच ठेवलं. पद मृत्यूनंतर, काम आजपासून.

त्याच सभेत त्याने जुनी तक्रारही मांडली. लेखनासाठी आठवड्यातले पाच दिवस मला त्रास द्यायचा नाही, असं गावाशी आधी ठरलं होतं, तेही इतिवृत्तात नोंदवून. लोकांनी ते थोडे दिवस पाळलं आणि मग मोडलं. सकाळी कामं, दुपारी कामं. बहात्तरीला टेकलेला माणूस आपल्याच गावाकडे पाच दिवस मागतो आहे, हे वाचताना पोटात कालवतं.

भूर्जपत्र:

लेखनिकांचा विषय निघालाच आहे तर यंत्रणा नीट सांगतो, कारण एवढं लिखाण एका माणसाच्या हातून झालं कसं याचं उत्तर तिथेच आहे.

ऑगस्टीन फार थोडं हाताने लिहायचा. तो सांगायचा आणि 'नोटारियस', म्हणजे लघुलिपीचा लेखनिक, मेणाच्या पाट्यांवर खुणांनी टिपून घ्यायचा. पाट्या भरल्या की त्यावरून पूर्ण अक्षरांत उतारा, मग तपासणी, मग प्रत. मेण पुन्हा सपाट करून पाटी परत वापरात. जे उताऱ्यापर्यंत पोचलं नाही ते पुसलं गेलं. 419 च्या एका पत्रात त्याने हिशेब दिला आहे: 11 सप्टेंबर ते 1 डिसेंबर, सुमारे 6000 ओळी सांगून झाल्या.

प्रवचनंही अशीच टिपली गेली. बिशप अर्धगोलाकार कोनाड्यात खुर्चीवर बसून बोलायचा, लोक उभे. समुद्रापलीकडच्या काही चर्चमध्ये लोकांनाही बसायला देतात, ते जास्त शहाणपणाचं आहे, असं तो नव्या शिकाऊंना शिकवण्याबद्दलच्या पुस्तकात लिहितो. ऐकणारा उभं राहून कंटाळला आहे असं दिसलं तर त्याला बसायला द्या, हा त्याचा सल्ला.

चूक कुठे व्हायची? तपासणीआधीच प्रत बाहेर पडली की. त्रिएकत्वावरच्या ग्रंथाचे पहिले भाग त्याने पूर्ण करण्याआधीच लोकांनी नकलून पळवले. चिडून त्याने पुढचं काम काही काळ थांबवलं होतं.

बांधणीबद्दलची सूचना तर मला फार मोलाची वाटते. 'सिटी ऑफ गॉड' फर्मुस नावाच्या गृहस्थाला पाठवताना तो लिहितो: भाग 22 आहेत, एका बांधणीत मावणार नाहीत. दोन खंड करायचे तर पहिल्यात 10, दुसऱ्यात 12. दोनापेक्षा जास्त करायचे तर पाच करा: 5, 5, 4, 4, 4. ही विभागणी आशयाला धरून आहे. पहिले पाच भाग जगातल्या सुखासाठी देवांना भजणाऱ्यांविरुद्ध, पुढचे पाच मरणोत्तर जीवनासाठी भजणाऱ्यांविरुद्ध, मग दोन नगरांचा उगम, वाटचाल, शेवट, प्रत्येकी चार. लेखकाने स्वतः आपल्या पुस्तकाच्या शिवणीची जागा दाखवली आहे.

हे पत्र 1939 मध्येच छापलं गेलं होतं; योहानेस दिव्याक या ऑस्ट्रियन अभ्यासकाला सापडलेल्या, 1981 मध्ये छापलेल्या पत्रसंग्रहातही ते आहे. त्या संग्रहातून आधी कोणाला माहीत नसलेली पत्रं हाती आल्याने हिप्पोचा बिशप एकदम जवळून दिसायला लागला. 1990 मध्ये फ्रान्स्वा दोल्बो यांना माइन्झच्या हस्तलिखितात 26 प्रवचनं सापडली, तीही अशीच.

समुद्रवाट:

दिव्याक पत्रांतलं दहावं पत्र मी प्रत्येकाला वाचायला सांगेन. गुलामांचे व्यापारी, ज्यांना तो गलाती म्हणतो, हिप्पोच्या बंदरातून माणसं भरून नेत होते. आडगावांवर धाडी घालून धरून आणलेली स्वतंत्र माणसं, बायका, मुलं. ऑगस्टीन गावात नव्हता. चर्चच्या माणसांना खबर लागली आणि त्यांनी सुमारे 120 जणांची सुटका केली, काही जहाजावरून, काही जिथे दडवून ठेवले होते तिथून. चौकशी केली तेव्हा आईबापांनी विकलेले जेमतेम पाच-सहा निघाले. उरलेले सगळे पळवलेले.

मग तो मित्र अलिपियसला, जो तेव्हा इटलीत होता, कामाला लावतो. होनोरियसचा अशा व्यापाऱ्यांविरुद्धचा कायदा आहे, पण त्यात शिशाच्या गोळ्या बांधलेल्या चाबकाची शिक्षा आहे आणि तिने माणूस मरतो. आपण कायदा पुढे केला तर गुन्हेगार मरतील, नाही केला तर धंदा चालू. म्हणून दरबारातून शिक्षा कमी केलेला आदेश आणा, म्हणजे आम्हाला तो बिनदिक्कत वापरता येईल. इकडे व्यापाऱ्यांचे पाठीराखे सुटलेल्यांना परत मागत होते.

चोविसाव्या पत्रात तो युस्टोकियस नावाच्या कायदेपंडिताला मुद्देसूद विचारतो: बापाने मुलाचे श्रम ठरावीक वर्षांसाठी विकले आणि बाप मेला, तर मूल बांधलेलं राहतं का? आई विकू शकते का? बिशपला निवाडा द्यायचा आहे आणि कायदा पक्का ठाऊक नाही, म्हणून तो विचारतो. मला त्याच्या सगळ्या तत्त्वज्ञानाइतकंच हे पत्र मोठं वाटतं.

तळटीप:

पैशाबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

हिप्पोच्या चर्चकडे भरपूर जमीन होती. ऑगस्टीनची वडिलोपार्जित शेती चर्चच्या मालमत्तेच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतकी होती, असं त्याने एका पत्रात लिहिलं आहे. म्हणजे गरीब घर सोडून श्रीमंत संस्थेचा कारभारी झाला, आणि लोक तसं बोलतही. म्हणून त्याने मोहोर आणि किल्ली कधी हातात ठेवली नाही. हिशेब धर्मगुरूंपैकी पाळीपाळीने एकेकाकडे, वर्षअखेर जमाखर्च त्याला वाचून दाखवायचा.

मृत्युपत्रं घेण्याबाबत त्याचे नियम कडक. मुलाबाळांना डावलून चर्चला दिलेली इस्टेट घ्यायची नाही. कार्थेजचा बिशप ऑरेलियस याचा दाखला तो देतो. एकाला मूल नव्हतं, व्हायची आशाही नव्हती, म्हणून त्याने सगळं चर्चला दिलं, पुढे मुलं झाली आणि ऑरेलियसने न मागता सगळं परत केलं.

बोनिफेसियस नावाच्या जहाजमालकाचं दान त्याने नाकारलं, त्याचं कारण धंद्याच्या जाणकाराचं आहे. जहाज घेतलं की सरकारी माल वाहून नेण्याची जबाबदारी आली. जहाज बुडालं तर चौकशी होते, आणि चौकशीत वाचलेल्या खलाशांना यातना देऊन जबाब घेतात. लाटांतून वाचलेल्या माणसांना चर्चने छळायला द्यायचं का? आणि भरपाई द्यायची तर चर्चकडे गंगाजळी हवी. भिकारी दारात उभे असताना बिशपने सोनं साठवून ठेवणं बरोबर नाही.

हे सगळं 425 च्या डिसेंबरात आणि लगेच पुढच्या जानेवारीत दिलेल्या दोन प्रवचनांत आहे (355 आणि 356). निमित्त जानुआरियस या धर्मगुरूचं. ऑगस्टीनच्या घरात राहणाऱ्या सगळ्यांनी स्वतःचं काही ठेवायचं नाही असा नियम. जानुआरियसने मुलीचे पैसे म्हणून काही रक्कम ठेवली, आणि मरताना मुलांना डावलून ती चर्चच्या नावे केली. ऑगस्टीनने ती घेतली नाही. लोकांपुढे उभं राहून एकेका धर्मगुरूची मालमत्ता सांगितली: याने घर विकलं, याचे गुलाम मुक्त व्हायचे आहेत, याचा भावाशी वाटणीचा वाद आहे. स्वतःबद्दल म्हणाला, मला किमती झगा आणू नका, आणलात तर विकून पैसे गरिबांना देईन.

कायदेकानू:

घरातल्या जेवणाची पॉसिडियसने दिलेली माहिती यात भर घालते. भाजी, डाळ, पाहुणा किंवा आजारी माणूस असेल तर मांस. द्राक्षारस रोज. चमचे चांदीचे, बाकी भांडी माती, लाकूड, संगमरवर यांची. पाठीमागे कुणाची निंदा करणाऱ्याला या पंगतीत जागा नाही, अशा अर्थाचा श्लोक मेजावर लिहिलेला होता. एकदा काही बिशपच तो विसरले, तेव्हा ऑगस्टीनने सांगितलं की एक तर श्लोक पुसा, नाहीतर मी उठतो. जेवताना शपथ घेतली तर ठरलेल्या पेल्यांतला एक पेला कमी व्हायचा.

युद्धकैदी सोडवायला आणि गरिबांसाठी त्याने चर्चची पवित्र भांडीसुद्धा वितळवली.

वाळूघड्याळ:

आतापर्यंत सगळं त्याच्या बाजूने आलं आहे. डोनाटवाद्यांचं काय?

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 303 ते 305 च्या छळात काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले. अशांच्या हातची दीक्षा चालते का, यावरून कार्थेजमध्ये फूट पडली (चालत नाही म्हणणारे ते डोनाटवादी, दुसरी बाजू कॅथलिक) आणि शंभर वर्षं टिकली. गावोगाव दोन बिशप, दोन वेद्या. हिप्पोत तर ऑगस्टीन आला तेव्हा डोनाटवादीच जास्त होते. सुरुवातीला तो म्हणायचा, जबरदस्ती नको, वाद घालून पटवू. 405 च्या एकीच्या आदेशानंतर त्याचं मत फिरलं. 408 च्या सुमाराच्या विन्सेन्तियसला लिहिलेल्या पत्रात तो कबूल करतो की आधीचं मत वेगळं होतं, पण कायद्याच्या धाकाने माणसं खरोखर आली. लूकच्या शुभवर्तमानातलं 'त्यांना आत येण्यास भाग पाड' हे वाक्य त्याने यासाठी वापरलं, आणि पुढच्या शतकांत छळ करणाऱ्यांनी ते त्याच्याच तोंडून उचललं. गुलामांच्या व्यापाऱ्यांसाठीही शिक्षा सौम्य करा म्हणणारा तोच हा माणूस. दोन्ही एकाच ताटात वाढायला हवं.

ताम्रपट:

मान्य, आणि हे आलंच पाहिजे होतं. मृत्युदंडाला त्याने शेवटपर्यंत विरोध केला हे खरं, पण दंड, जप्ती, हद्दपारी त्याला चालत होती.

411 ची कार्थेज परिषद मात्र कामकाजाच्या दृष्टीने बघा, कारण असा कडेकोट इतिवृत्तान्त त्या काळात विरळा. जून महिन्याच्या 1, 3 आणि 8 तारखेला, गार्गिलियसच्या स्नानगृहात. अध्यक्ष सम्राटाचा प्रतिनिधी मार्सेलिनस. दोन्हीकडून प्रत्येकी सुमारे 280 बिशप. बोलायला दोन्ही पक्षांचे सात-सात, त्यांना सल्ला द्यायला सात-सात, आणि लेखनिकांवर नजर ठेवायला चार-चार. बोललेला प्रत्येक शब्द टिपायचा आणि बोलणाऱ्याने उताऱ्यावर सही करायची. डोनाटवादी बसायलाच तयार नव्हते, म्हणून मार्सेलिनसही उभा राहिला.

पहिला अख्खा दिवस हजेरीत गेला. कॅथलिक बिशपाचं नाव पुकारलं की त्याच गावचा डोनाटवादी पुढे येऊन 'मी याला ओळखतो' म्हणणार. डोनाटवाद्यांच्या यादीत एक सही अशा बिशपची निघाली जो वाटेतच वारला होता. कोणी केली यावर बराच वेळ खल झाला. निकाल कॅथलिकांच्या बाजूने. दोन वर्षांनी मार्सेलिनसलाच एका बंडाच्या प्रकरणात गोवून 13 सप्टेंबर 413 ला ठार केलं. ऑगस्टीन तेव्हा कार्थेजमध्येच होता, त्याला वाचवू शकला नाही.

अक्षरधूळ:

परिषदेनंतर जे घडलं त्यात त्यांची सगळ्यात मोठी चूक आहे. फुस्साला, हिप्पोपासून 40 मैलांवरचं गाव, आसपास बहुतेक डोनाटवादी. तिथे नवा बिशप हवा आणि त्याला प्युनिक भाषा यायला हवी, कारण खेड्यात लॅटिन चालत नव्हती. ऑगस्टीन यांनी एक योग्य धर्मगुरू ठरवला. दीक्षा द्यायला न्यूमिडियाचे वयोवृद्ध ज्येष्ठ बिशप लांबून आले, आणि ऐनवेळी तो धर्मगुरू नाही म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या हाताने परत कसं पाठवायचं? शेजारी अँटोनिनस उभा होता. मठात लहानपणापासून वाढलेला, वाचकाच्या पदावर, वय विशीच्या जरासं पुढे, प्युनिक येणारा. त्यालाच पुढे केलं.

त्याने गाव लुटलं. पैसे, भांडी, गुरं, पीक, आणि लोकांच्या बांधकामाचे दगड-लाकूड नेऊन स्वतःचं घर बांधलं. तक्रारी आल्यावर बिशपांनी मधला मार्ग काढला: बिशपपद राहील, फुस्सालावरचा अधिकार जाईल. तो रोमला अपिलात गेला आणि पोप बोनिफेसची सहानुभूती मिळवून आला. पुढे पोप सेलेस्टीन यांना लिहिलेल्या पत्रात (209) ऑगस्टीन म्हणतात की या गावावर तो पुन्हा बळाने लादला गेला तर मी माझं बिशपपद सोडेन. फाबिओला या रोममधल्या बाईंना त्यांनी सगळी हकिकत लिहिली आहे, आणि तिथे ते स्वतःला सोडत नाहीत. घाई मी केली, असं सरळ म्हणतात.

भूर्जपत्र:

पत्रं पोचण्यात काय व्हायचं ते राहिलं. टपाल नव्हतं, सरकारी घोड्यांची डाक खासगी माणसाला मिळत नसे. ओळखीचा धर्मगुरू त्या बाजूला निघाला की त्याच्या हाती द्यायचं, आणि नोव्हेंबर ते मार्च समुद्र बंद. 394-95 च्या सुमारास ऑगस्टीनने बेथलेहेमला बायबलचा भाषांतरकार जेरोम याच्यासाठी पत्र दिलं ते प्रोफुतुरस या मित्राजवळ. निघण्याआधीच तो बिशप झाला, म्हणून राहिला, आणि लवकरच वारला. दुसरं पत्र नेणारा समुद्राला घाबरून गेलाच नाही, पण नकला रोममध्ये फिरल्या. आपल्यावरची टीका आपल्याआधी रोमने वाचली, म्हणून जेरोम भडकला. सगळं शांत व्हायला जवळजवळ दहा वर्षं लागली.

त्यातच बायबलमधल्या योनाच्या गोष्टीतल्या वेलाचा वाद. जेरोमच्या नव्या भाषांतरात भोपळ्याच्या वेलाऐवजी 'आयव्ही' आलं. ओएआ (आजचं त्रिपोली) इथल्या चर्चमध्ये ते वाचलं गेलं तेव्हा लोकांनी इतका गोंधळ केला की बिशपला स्थानिक ज्यूंना विचारून जुना शब्द परत घालावा लागला, नाहीतर चर्च रिकामं झालं असतं. ऑगस्टीनने 403 मध्ये हे जेरोमला कळवलं. जी प्रार्थना आणि जे शब्द लोकांच्या कानात बसले आहेत ते विद्वत्तेच्या जोरावर बदलता येत नाहीत, ही त्याची कामकाजी समज होती.

वाळूघड्याळ:

अवांतर, पण आपल्या जवळचं: जुन्या गोव्यातला 46 मीटर उंच मनोरा ऑगस्टीनच्या नियमाने चालणाऱ्या संघाच्या चर्चचा आहे. हा संघ गोव्यात 1572 मध्ये आला. 1835 मध्ये मठ रिकामा झाला, 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये मनोऱ्याचा भाग पडला. हिप्पोत त्याने घरातल्यांसाठी ठरवलेली राहणी, स्वतःचं काही न ठेवणं, एकत्र जेवण, तीच पुढे त्या नियमाच्या मुळाशी आहे.

आता शेवटचे महिने कोणीतरी लिहा.

अक्षरधूळ:

लिहिते. वँडल लोक (एक जर्मानिक टोळी) 429 मध्ये स्पेनमधून आफ्रिकेत उतरले. गावं सोडून पळावं का, असं होनोरातस नावाच्या बिशपने विचारलं. ऑगस्टीन यांचं उत्तर पॉसिडियसने चरित्रात पूर्ण दिलं आहे: धोका फक्त बिशपच्या जिवाला असेल तर त्याने जावं, पण लोक मागे राहणार असतील तर त्यांना बाप्तिस्मा आणि प्रायश्चित्त देणारा कोणीतरी राहिलाच पाहिजे. सगळ्यांनीच राहून मरू नये म्हणून कोण राहणार, कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं.

430 च्या उन्हाळ्यात हिप्पोला वेढा पडला. आसपासचे बिशप आत अडकले होते, पॉसिडियसही. तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन तापाने पडले. प्रायश्चित्ताची थोडी स्तोत्रं त्यांनी पानांवर लिहून घेतली आणि ती पानं अंथरुणासमोरच्या भिंतीला लावायला सांगितली. पडल्या पडल्या वाचायचे आणि रडायचे. वैद्य आणि जेवण आणणाऱ्यांखेरीज कोणीही आत यायचं नाही, असं सांगितलं. दहा दिवस ते पाळलं गेलं. लेखनासाठी ठरलेले पाच दिवस ज्या लोकांनी फार काळ पाळले नव्हते, त्याच लोकांनी.

भूर्जपत्र:

अक्षरधूळ यांच्या प्रतिसादाला एवढीच पुरवणी. मृत्युपत्र नव्हतं, कारण नावावर काही नव्हतं. चर्चचं ग्रंथालय आणि सगळ्या प्रती नीट जपा, एवढं मात्र त्यांनी वारंवार बजावलं होतं. वेढा चौदा महिने चालला, नंतर गाव रिकामं झालं आणि जळालं. ग्रंथ वाचले. पॉसिडियसने चरित्राला जोडलेल्या यादीत पुस्तकं, पत्रं, प्रवचनं मिळून 1030 नोंदी आहेत, आणि ज्याला प्रत करून घ्यायची असेल त्याने हिप्पोच्या चर्चमधली तपासलेली प्रत मागावी, असं तो लिहितो.